ब्राउरॉनला दिलेलं वस्त्र

"माझं केशरी वस्त्र इफिगेनियाला द्या, जाऊबाई. तुमच्या हातानं द्या. आणि माझं नाव जरा मोठ्यानं घ्या, त्या म्हाताऱ्या पुजारिणीला ऐकू कमी येतं."

माझ्या धाकट्या जावेचं, लिसिल्लाचं, हे शेवटचं बोलणं. त्या अवस्थेतही तिला हसू आलं होतं.

मी "हो" म्हणाले होते.

पुढे जे घडलं ते त्यात पदरचं काही न घालता सांगते. पहिला घास चुलीतल्या हेस्तियाला वाहिल्याशिवाय मी पाणीही पीत नाही. आत्ता तिच्यासमोरच बसले आहे. यातला एक शब्द खोटा असेल तर ही चूल विझून जावो.

भुताखेताचं म्हटलं की लोकांना रात्र हवी असते. आमच्या मीर्रिनूस गावातल्या घरात ते आलं भर दुपारी. जव कापून झाले होते. रानातला पान देव झोपतो त्या वेळी… गुराखीसुद्धा पावा खाली ठेवतात त्या वेळी.

पण आधी माझं पाप सांगते.

आम्ही दोघी जावा एकाच वेळी गरोदर होतो. मी नवस बोलले होते, सुखरूप सुटले तर स्वतःच्या हातानं विणलेलं वस्त्र बाळंतिणींच्या देवीला, आर्तेमिसला देईन. मला मुलगी झाली, मी सुटले. दहा दिवसांनी लिसिल्ला गेली. तिचं बाळही गेलं.

आमच्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. बाळंतपणातून वाचलेली बाई आर्तेमिसला वस्त्र देते. जी वाचत नाही, तिचं वस्त्र घरची माणसं इफिगेनियाला नेऊन देतात. देऊळ एकच, ब्राउरॉनचं; इफिगेनियाची समाधीही तिथंच.

म्हणून मी बैलगाडीत बसले ती मांडीवर दोन गाठोडी घेऊन.

एकात माझं वस्त्र होतं. मला विणकाम कधी जमलं नाही. काठ वाकडे, मधे विरळ. सासूबाई म्हणायच्या, "मीका, तू विणतेस की कोंबडी अंगण उकरते?"

दुसऱ्यात लिसिल्लाचं होतं. केशरी. काठावर बगळ्यांची रांग, प्रत्येक बगळ्याचा पाय वेगळा उचललेला. अख्ख्या गावात तसा हात नव्हता.

देवळाच्या पायरीवर आमच्या गावच्या बाया जमल्या होत्या. शेजारची मिर्ताले पुढेच होती. तिची जीभ तुम्हाला काय सांगू!

"उघड की गं मीका. बघू तरी, वस्त्र विणलंयस की जाळं? समुद्र जवळच आहे, जाता जाता मासे धरू."

सगळ्या हसल्या.

माझा हात माझ्या गाठोड्यावर होता.

तो सरकला…

मी दुसरं उघडलं.

हसणं थांबलं. पुजारिणीनं ते वस्त्र उन्हात धरलं. "कुणाचं हे?"

"माझं," मी म्हणाले. "आर्तेमिसला."

"आणि ते दुसरं?"

"जावेचं. लिसिल्लाचं. ती गेली."

"मोठ्यानं बोल बाई, ऐकू येत नाही."

मला पुन्हा बोलावं लागलं. ते वेडंवाकडं वस्त्र हातात धरून, तिचं नाव घेऊन, मोठ्यानं.

मिर्तालेनं त्याचा काठ बोटांनी चाचपला. "अरेरे. लिसिल्लाच्या हाताचं केवढं कौतुक ऐकलं होतं! मेलेल्या माणसाला लोक गोडच म्हणतात."

मी खाली बघत राहिले.

तीन वर्षं मी खालीच बघतेय. व्रत एक चुकलं नाही, उपास एक मोडला नाही. पण आर्तेमिसचं नाव घेताना जीभ अडखळायची.

या उन्हाळ्यात मला पुन्हा दिवस गेलेले होते. त्या दुपारी मी खालच्या कोठीत ऑलिव्ह निवडत होते. दासी थ्राट्टा दारात तोंड उघडं टाकून झोपलेली. सासूबाई अंगणात घोरत होत्या. पुरुष शेतावर. लेक माझ्या पाठीशी पेंगलेली.

एकदम झाडांवरच्या किड्यांची किरकिर थांबली.

मग वरून आवाज आला.

टक… टक… टक…

मागाच्या ताण्याला बांधलेली मातीची वजनं एकमेकांवर आपटली की तसा आवाज येतो. कुणीतरी माझ्या मागावर विणत होतं.

घरातली प्रत्येक बाई माझ्या डोळ्यांसमोर होती.

मग पावलं. आमच्या उभ्या मागापुढे चालत विणावं लागतं. तीन पावलं इकडे… तीन पावलं तिकडे.

जड पावलं. दिवस भरत आलेल्या बाईची.

मी जिना चढून वर गेले…

कुणी नाही.

वारा नव्हता. तरी सगळी वजनं एका लयीत हलत होती.

आणि मी सकाळी सोडलं होतं त्यापेक्षा वस्त्र चार बोटं वाढलं होतं. घट्ट, सरळ. मी पांढरा धागा लावला होता. काठाला केशरी धागा आला होता.

केशरी धागा आमच्या घरात तीन वर्षांत कुणी रंगवलेला नाही.

मी तेव्हाच ओरडले असते तर बरं झालं असतं. पण संध्याकाळी सासूबाई वर आल्या, काठावरून हात फिरवला आणि त्यांचे डोळे भरले.

"लिसिल्ला अस्सं विणायची. शिकलीस गं शेवटी."

मी काय केलं असेल?

मी हसले.

दुसऱ्यांदा तिचं काम मी माझं म्हणून घेतलं.

रोज दुपारी चार बोटं. शेजारणी बघायला येऊ लागल्या. एकदा मिर्तालेही आली, मागापुढे उभी राहिली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज मऊ झाला. "मला शिकवशील का गं? माझ्या लेकीच्या लग्नाला असं वस्त्र द्यायचंय."

"बघू," मी म्हणाले. जणू ते द्यायला माझ्याकडे होतं!

एकदा लेक मागाखाली खेळत होती. मान वर करून कुणाला तरी म्हणाली, "पाय सुजलेत."

मी तिला उचललं आणि खाली पळाले.

मग सहा दिवसांपूर्वी… आवाज थांबला.

वस्त्र अर्धं झालं होतं. काठावरचा शेवटचा बगळा नुसता मानेपर्यंत. मी हायसं वाटून पुढे विणायला घेतलं. धागा तुटला. गाठ मारली. तुटला. थ्राट्टानं हात लावून पाहिला, तुटला. "बाईसाहेब, हे अर्धंच राहायचंय," ती सहज बोलली आणि मग तिचाच चेहरा उतरला.

कारण अर्धी राहिलेली वस्त्रं कुठे जातात ते आम्हा दोघींना माहीत आहे. इफिगेनियाकडे. विणता विणता गेलेल्या बायांची.

मला सातवा महिना आहे. माझ्या पहिल्या बाळंतपणाचा नवस देवीला आजवर पोचलेलाच नाही. तिला जे मिळालं ते एका मेलेल्या बाईचं होतं.

लिसिल्ला मला धमकावतेय की सावध करतेय? तिचा स्वभाव आठवला की वाटतं, सावधच करत असेल. मागाकडे बघितलं की तसं वाटत नाही.

काल दुपारी मी वर गेले. त्या रिकाम्या खोलीत मागापुढे उभी राहिले.

"सांगते," मी म्हणाले. "उद्याच. पायरीवर उभी राहून, सगळ्यांसमोर. कुठलं तुझं आणि कुठलं माझं ते."

माझ्या अगदी कानाजवळ कुणीतरी श्वास सोडला…

त्यात राग होता की सुटका, मला खरंच कळलं नाही.

आता उजाडतंय. सासूबाईंनी विचारलं, "या अवस्थेत चालत कुठे निघालीस?"

"ब्राउरॉनला."

"आणि हात रिकामे?"

"हो."

त्यांनी वाटेसाठी जवाची भाकरी फडक्यात बांधून दिली.

मिर्तालेचं दार वाटेवरच आहे. आधी तिला उठवते. तिनं तिथं असायला हवं.

येते.