दोनचा आकडा

अतिदक्षता विभागात दर तासाला लघवी मोजतात. पलंगाला लटकलेल्या पिशवीवर रेषा असतात. वाकायचं, आकडा वाचायचा, तक्त्यात लिहायचा आणि पिशवी रिकामी करायची. सतरा वर्षं हेच करतेय. कंबर कामातून गेली, पण आकडा कधी चुकला नव्हता.

चार नंबरच्या काकांचा तीन दिवस शून्यच होता. संसर्ग रक्तात भिनला आणि मूत्रपिंडांनी संप पुकारला. रक्तदाब इतका खाली, की डायलिसिस झेपलं नसतं. सकाळी डॉक्टरांनी त्यांच्या मुलीला स्पष्टच सांगितलं, "दुपारपर्यंत लघवी सुरू झाली नाही, तर आम्ही हात टेकले असं समजा."

"सिस्टर, होईल ना हो?" तिनं मला विचारलं.

"बघू," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

अकराला घाईघाईत तीन नंबरचे चाळीस मी काकांच्या तक्त्यात लिहिले. स्वतःवरच चिडले. खोडण्याआधी सवयीनं वाकले, तर काकांच्या पिशवीत चाळीस होते. ना कमी, ना जास्त.

नळी तपासली, पिशवी बदलली. बाराला मुद्दाम आधी पन्नास लिहिले, मग वाकले.

पन्नास.

हसूच आलं. मग अंगावर काटा आला.

एकला साठ लिहिले.

"तुमच्या हाताला गुण आहे बरं का, सिस्टर," डॉक्टर खुशीत म्हणाले. काचेपलीकडे मुलगी डोळे पुसत हसत होती. मलाही भरून आलं.

दोनला हातमोजे काढले, तेव्हा अंगठी बोटात रुतलेली दिसली. साबण लावूनही हलेना. सकाळपासून दोन बाटल्या पाणी प्यायले होते आणि अकरापासून बाथरूमची आठवणसुद्धा झाली नव्हती.

जाऊन बसले. दहा मिनिटं.

थेंबही नाही.

घाबरले. खरंच घाबरले.

परत आले, तर दुपारच्या पाळीची सिस्टर माझी वाट बघत होती. काकांची पिशवी कोरडी होती. काचेपलीकडून मुलगी माझ्याकडेच बघत होती.

"चेहरा किती सुजलाय गं तुझा! घरी जा आता," दुपारची सिस्टर तक्ता ओढून घेत म्हणाली. "दोनचा आकडा राहिलाय वाटतं. किती लिहू?"

"साठ," मी म्हटलं, आणि पेन तिच्या हातात दिलं.