टोरांटो काही गुडगावजवळ येत नाही

त्या जूनमध्ये गुडगावात अशी धुळीची आंधी उठली, की भर दुपारी गाड्यांनी दिवे लावले. अर्धवट बांधलेल्या टॉवरांवरची हिरवी जाळी फडफडत सुटली. ऑफिसच्या पार्किंगमध्ये ओढणीने तोंड बांधून उभ्या असलेल्या पूर्वीच्या अंगावर कुठून तरी गुळगुळीत कागदांचा थवाच येऊन आदळला. एक खांद्याला चिकटला, तो तिने सोडवून वाचला. एका भल्यामोठ्या सर्व्हरची जाहिरात होती ती. ‘हे मशीन घ्या… तुमची वेबसाइट जगात कुठेही क्षणार्धात उघडेल!’

“थापा!” पूर्वी मोठ्याने म्हणाली.

“नाही हो, थापा नाही… उजगरे. सिद्धांत उजगरे.” कागदांमागे धावत आलेला एक उंच तरुण धापा टाकत म्हणाला. केस धुळीने पांढरे झालेले, टाय उडून खांद्यावर गेलेला. “थापा कोण? त्यांची वाट बघताय का?”

पूर्वी बघतच राहिली. मग इतकी हसली, की ओढणी असूनही तोंडात धूळ गेली. “अहो, थापा म्हणजे खोटं! झूठ!”

“अच्छा…” तो ओशाळला. “आम्ही दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेले. घरात बोलतात तेवढंच मराठी येतं. पण झूठ का?”

“कारण मशीन कितीही दांडगं आणलंत तरी ते राहणार इथेच, गुडगावात. आणि साइट उघडणारी बाई बसलीय टोरांटोत. मधली वाट कमी होते का त्यानं?”

तो तिच्या डोळ्यांकडे बघत राहिला. तेवढेच तर दिसत होते! “भांडण संपलं की चेहरा दाखवता का?” त्याने विचारलं.

“आधी संपू दे!” म्हणून ती तरातरा लिफ्टकडे निघून गेली.

चार दिवसांनी सिद्धांत तोच टाय नीट बांधून, तेच मशीन विकायला, तिच्याच साहेबांसमोर येऊन बसला.

मल्होत्रासाहेबांची कंपनी होती ‘भेटघर’. परदेशातल्या बहिणींनी साइटवर राखी निवडायची, की इथे कानपूर-कोल्हापुरातल्या भावाच्या दारात मिठाईसकट पोचती व्हायची. धंदा सगळा राखीपौर्णिमेवर. पण गेल्या वर्षी अर्ध्या बहिणी राखीचं चित्र उमटायच्या आतच कंटाळून निघून गेल्या होत्या. साहेबांनी ठरवलं — मोठं मशीन आणायचं, काचेच्या खोलीत ठेवायचं, रिबन कापायची.

साइट सांभाळणाऱ्या पूर्वीचं म्हणणं निराळं होतं, आणि ती ते कुणालाही ऐकवत असे. सिद्धांतलाही तिने ऐकवलं. तो ‘खोलीचं माप घ्यायला’ म्हणून वरचेवर येऊ लागला होता. खोली काही वाढत नव्हती, पण मापं संपेनात!

“सांग ना परत,” तो छोले-कुलच्याच्या गाडीशी उभा राहून म्हणाला. एव्हाना दोघं अरेतुरेवर आले होते. “तुझं ते… जवळ ठेवायचं.”

“तुला थालीपीठ खायचं झालं तर पुण्याला जातोस?”

“नाही. आईला सांगतो.”

“आई गावाला गेली तर?”

“उपाशी राहतो.”

“वेड्या, दिल्लीत कोपर्निकस मार्गावर महाराष्ट्र सदन आहे! तिथे जायचं, खायचं. तसंच हे. राख्यांची चित्रं, पानं काही रोज बदलत नाहीत. त्यांच्या प्रती टोरांटोत, लंडनमध्ये, सिडनीत भाड्याच्या मशिनांवर ठेवून द्यायच्या. बाईने साइट उघडली की तिच्या जवळच्या मशिनाने द्यायच्या. फक्त ऑर्डर आणि पत्ता तेवढा समुद्राखालच्या केबलमधून इथवर येईल. बास!”

“पूर्वी…” तो फार गंभीर होऊन म्हणाला, “मी महाराष्ट्र सदनात कधी गेलोच नाहीये.”

“मग?”

“मग मला समजणार कसं?”

तिने कुलच्याचा तुकडा मोडला, त्याच्याकडे न बघता. “रविवारी ये,” म्हणाली. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या… उन्हाची लू चालली होती म्हणून असेल.

रविवारी थालीपीठ खाऊन झाल्यावर त्याने सरळ सांगितलं, “आम्ही नगरचे. ख्रिस्ती आहोत. तुला आधीच सांगावं म्हटलं.”

“का? थालीपिठाला काही फरक पडतो?”

“थालीपिठाला नाही. पुढे… पडू शकतो.”

‘पुढे’ हा शब्द दोघांच्या मध्ये टेबलावर तसाच पडून राहिला. दोघांनीही उचलला नाही.

इकडे साहेबांनी पूर्वीला बजावलं, “बाहर की मशीनों पर हमारा माल नहीं जाएगा. बात खत्म.” पूर्वी ‘जी सर’ म्हणाली नाही. परदेशात मशिनं भाड्याने देणाऱ्या एका कंपनीकडून तिने महिन्याभरासाठी फुकट चाचणी मागून घेतली आणि साइटची एक प्रत टोरांटोतल्या मशिनावर ठेवून टाकली. नोकरी गेली तर गेली! पुण्यात आई वाटच बघत होती — परत ये, स्थळं बघू.

मशिनाचा सौदा व्हायच्या संध्याकाळी साहेबांनी सिद्धांतसमोर, चाचणीला आणून ठेवलेल्या त्या मशिनावरची साइट स्वतःच्या टेबलावर उघडून दाखवली. “देखो! मक्खन!”

“सर, मशीन शेजारच्या खोलीत आहे. मक्खनच असणार,” पूर्वी हिंदीत म्हणाली, आणि तिने टेबलावरच्या स्पीकरवरून टोरांटोला आपल्या मावशीला फोन लावला. “वीणामावशी, आपली साइट उघड बरं.”

“उघडते गं…” तिकडे सकाळ होती. भांड्यांचा आवाज आला. “फिरतंय अजून ते चक्र. चहा गाळून घेऊ का तोवर?… गाळला बाई. राखीचा वरचा गोंडा दिसतोय आता.”

“आता मी पाठवलेला दुसरा पत्ता उघड.”

“थांब, चष्मा… अगंबाई! आली की सगळी! ही मोत्याची केवढ्याला?”

साहेबांचं डोकं तापलं. “मना किया था ना मैंने? और कोई राखी खत्म हो गई, वहाँ की कॉपी में दिखती रही, तो?”

“चित्रं तिथे राहतात, सर. किंमत आणि शिल्लक माल दर वेळी इथेच विचारला जातो. चित्र बदललं तर जुनी प्रत टाकून दे म्हणून आपणच कळवायचं.”

साहेब सिद्धांतकडे वळले. “तुम बोलो. एक्सपर्ट तो तुम हो.”

त्याच्या पुढ्यात सह्यांचे कागद होते. या एका सौद्यावर त्याची बढती टांगलेली होती, हे पूर्वीला ठाऊक होतं. तिने मुद्दाम खिडकीकडे तोंड केलं. भीक नको होती तिला.

“सर,” तो म्हणाला, “मेरी मशीन लेने से टोरांटो गुडगाव के पास नहीं आ जाएगा. ये सही कह रही हैं.”

जिन्यात तिने त्याला गाठलं आणि फटकारलं, “मी सांगितलं होतं माझी बाजू घ्यायला? उपकार केलेस?”

“नाही. पण खरं सांगू… समोर तू नसतीस, तर मी गप्प बसलो असतो.”

“हे काही फार अभिमानानं सांगण्यासारखं नाही.”

“माहितीये. म्हणून तर सांगतोय… तुझ्याशी झूठ बोलवत नाही, यार.”

पूर्वी दोन पायऱ्या उतरली, मग त्याच्यासाठी थांबली.

मशीन परत गेलं, सिद्धांतची बढती हुकली. पण परदेशातल्या प्रतींवरून भेटघरच्या राख्या त्या वर्षी इतक्या खपल्या, की साहेबांचा राग विरघळून गेला. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी त्यांनी ऑफिसात मिठाई वाटली, सिद्धांतलाही बोलावलं. त्या दोघांबद्दलची कुजबुज त्यांच्या कानावर गेलेली होतीच. फोटोग्राफर उभा करून ते मिश्कील हसत म्हणाले, “हम सब एक परिवार हैं! सब लड़कियाँ लड़कों को राखी बाँधेंगी. पूर्वी, तुम अपने एक्सपर्ट को!”

मुली खुदखुदल्या. कुणीतरी पूर्वीच्या हातात ताट दिलं. सिद्धांत समोर उभा होता, पांढराफटक, दोन्ही हात पाठीमागे. पूर्वीने त्याच्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

“नहीं सर. इनको नहीं.”

“क्यों भई? इनमें क्या खराबी है?”

“खराबी कुछ नहीं. इनसे मुझे शादी करनी है,” ती खणखणीत आवाजात म्हणाली. “इनसे अभी पूछा नहीं है… बस.”

फोटोग्राफरने घाबरून फ्लॅश मारला. साहेबांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांचाच हात रिकामा बघून पूर्वीने तो धरला, आणि राखी बांधून वर पक्की गाठ मारली. “अब आप मेरे भाई हैं. पुण्यातल्या घरी गडबड झाली, तर तुम्हालाच बोलावं लागेल हं!” शेवटचं वाक्य गडबडीत मराठीतच निघून गेलं, पण साहेबांना कळायचं ते कळलं.

बाहेर गच्चीवर सिद्धांत कठड्याला धरून उभा होता. “मला विचारणार होतीस ना?”

“विचारतेय. बोल.”

“हो. हो. बिल्कुल हो… पण तुझी आई?”

तिने मोबाइल काढला आणि त्याच्या देखतच पुण्याला लावला. आईने, म्हणजे विजयालक्ष्मीबाईंनी, सगळं ऐकून घेतलं. “उजगरे म्हणजे कोण गं?”

“नगरचे. ख्रिस्ती आहेत, आई.”

“आणि हे तू मला विचारतेयस?”

“नाही, आई. सांगतेय.” तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. “तू नाही म्हणालीस तरी करणार. पण तू आलीस, तर… मला फार आवडेल गं.”

फोन बंद झाला.

“रडत नाहीये मी,” पूर्वी म्हणाली.

“नाहीच रडत,” तो म्हणाला, आणि त्याने तिचा हात पहिल्यांदाच, सगळ्या ऑफिसच्या काचांसमोर, हातात घेतला.

साहेबांनी पुण्याला फोन केला, एकदा नव्हे, चार वेळा, मोडक्या मराठीत. डिसेंबरात, रजिस्टर लग्नाच्या दिवशी दाट धुक्यात पुण्याहून येणारी गोवा एक्सप्रेस उशिरा दिल्लीच्या निजामुद्दीनला लागली. साहेब स्वतः गाडी घेऊन गेले होते. सह्या व्हायला टेकल्या होत्या, तेवढ्यात कचेरीच्या दारात विजयालक्ष्मीबाई दिसल्या. शाल घट्ट लपेटलेली, चेहरा करारी. त्या जावयासमोर येऊन थांबल्या, त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“मला अजून पटलेलं नाही,” त्या म्हणाल्या.

“हो, आई,” सिद्धांत म्हणाला.

“साक्षीदार म्हणून सही कुठे करायची?” त्यांनी विचारलं.