चंद्रमतीचं कल्याण

तिरुवैयारुहून तंजावूरला येणारी बस वळणावर अशी काही कलंडली, की चंद्रमतीच्या मांडीवरची पिशवी थेट पलीकडच्या बाकावरच्या तरुणाच्या पायावर जाऊन पडली.

"आई गं!" तो कळवळला. मग पाय चोळता चोळता, इथे आपली भाषा कुणाला कळतेय या भरवशावर पुटपुटला, "दिसायला एवढी नाजूक, आणि पिशवीत काय दगड भरलेत की काय!"

"दगडच आहेत," चंद्रमती म्हणाली. "आणि नाजूक म्हणालांत तें कुणाला?"

तो पाय चोळायचाच विसरला. खिडकीतून ओल्या भातशेतांचा वास येत होता, वाऱ्यानं तिच्या वेणीतली अबोली हलत होती, आणि हा बापडा कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होऊन बसला होता.

"तुम्हाला... मराठी येतं?"

"आम्ही इकडे येऊन तीनशें वर्षें होत आलीं. तुम्हीच उशीर केलांत!"

तो हसला. मोकळं, सगळ्या बसला ऐकू जाईल असं. चंद्रमतीला हसणारी माणसं फारशी भेटत नसत. भूगर्भशास्त्र शिकलेली मुलगी म्हटल्यावर लोक एकतर घाबरत, नाहीतर कीव करत. यानं दोन्ही केलं नाही. त्यानं पिशवी उचलून दिली आणि आतले दगडाचे गोल, गुळगुळीत तुकडे कुतूहलानं पाहिले.

"हे काय?"

"जिप्समच्या शोधांत बोअर मारली होती. जमिनीच्या पोटांतून निघाले ते हे."

"मग सापडलं जिप्सम?"

"नाहीं."

"मग इतकं जपून कशाला नेता?"

"तिथें कांहीं नाहीं, हें सुद्धां कुणाला तरी ठाऊक असावें लागतें," ती म्हणाली आणि पिशवीचं तोंड आवळलं.

बसमधून उतरेपर्यंत दोघांनी एकमेकांची नावं विचारली होती, आणि ती नावं दोघांनीही सुनावणीच्या कागदांवर आधीच वाचलेली निघाली होती. तो होता जयतीर्थ गलगली, मूळचा सोलापूरचा, खाणींच्या कराचा विचार करायला दिल्लीहून आलेल्या समितीचा चिटणीस. आणि त्या समितीपुढे खाणमालकांच्या मंडळातर्फे साक्ष द्यायला जी उभी राहणार होती, ती हीच. ही दगडवाली.

मंडळाचं मागणं साधं होतं. खाण लागली, तर शोधाचा खर्च कुठेतरी हिशेबात धरला जाई. पण बोअर रिकामी निघाली, की तो खर्च जणू झालाच नाही असं समजून बाकीच्या नफ्यावर पुरता कर बसे. मग शोधायच्या भानगडीत पडतो कोण? माल लागो न लागो, शोधाचा खर्च उत्पन्नातून वजा व्हावा, एवढं सरकारनं मान्य करावं, असं मंडळ म्हणत होतं. मंडळाचे अध्यक्ष बाळकृष्णराव हे चंद्रमतीच्या कंपनीचे मालकही होते. त्यांनी तिला स्पष्ट सांगून टाकलं होतं, "सवलत मिळाली तर तुझा शोध विभाग चालेल. नाहीं मिळाली तर बंद. माझाही नाइलाज आहे, मुली."

बंद म्हणजे काय, हे चंद्रमतीला पुरतं ठाऊक होतं. दुसरीकडे कोणी तिला रानात बोअर मारायला पाठवणार नव्हतं. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायचा आणि संध्याकाळी आत्याबरोबर देवळात जायचं! नाही. तिनं मनाशी पक्कं केलं होतं. ही साक्ष तिला जिंकायचीच होती.

दुसऱ्याच दिवशी जयतीर्थ राजवाड्यामागच्या गल्लीत तिच्या घरी हजर झाला. मंडळानं समितीला दिलेल्या निवेदनातली एक गोष्ट समजून घ्यायची होती म्हणे. मंडळाची कचेरी दोन गल्ल्या पलीकडे होती, हे त्याच्या कसं लक्षात आलं नाही कोण जाणे!

वेंकूबाई आत्यांनी त्याला दारापुढच्या ओट्यावर बसवलं, वाफाळत्या कॉफीचा टंबलर पुढे केला आणि सरळ विचारलं, "काय म्हणून आलांत?"

जयतीर्थला सरकारी भाषेची सवय. तो अदबीनं म्हणाला, "आम्ही सगळ्यांच्या कल्याणासाठीच आलो आहोत, आत्याबाई."

"अय्यो, सगळ्यांचें कशाला?" आत्यांचा चेहरा उजळला. "आमच्या एकीचें झालें तरी पुरे!"

चंद्रमतीला असा ठसका लागला की कॉफी पदरावर सांडली. आत्या लगबगीनं आत गेल्या, आणि जयतीर्थ बावचळून तिच्याकडे बघत राहिला.

"मी काही चुकीचं बोललो का?"

"इकडे कल्याण म्हणजे..." तिनं पदर झटकला, वर बघायचं टाळलं. "लग्न."

जयतीर्थनं टंबलर ओट्यावर ठेवला. मग हळूच म्हणाला, "मग सरकारचं समाजकल्याण खातं आहे, ते काय करतं असं वाटतं आत्याबाईंना?"

"मुलींचीं लग्नें लावतें!"

दोघंही हसत सुटले. पण हसणं ओसरल्यावर जे उरलं ते हसण्यासारखं नव्हतं. त्यानं तिच्याकडे पाहिलं, तिनं पाहू दिलं, आणि गल्लीतून जाणारा फुलवाला दोनदा हाक मारून गेला तरी दोघांपैकी एकालाही ती ऐकू आली नाही.

चंद्रमतीनं आत्यांना शब्दाचा घोटाळा परत परत समजावून सांगितला. आत्या ढिम्म. "शब्द चुकला असेल," त्या म्हणाल्या, "मुलगा चुकला नाहीं."

समितीचं काम सुरू व्हायला अजून अवकाश होता. जयतीर्थला रोज काहीतरी समजून घ्यायचं असे. आता तो शहाण्यासारखा कचेरीतच येई, आणि परतताना दगडांची पिशवी चंद्रमतीच्या हातातून काढून घेई. वीणा करणाऱ्यांच्या दुकानांवरून दोघं चालत. फणसाच्या लाकडाचा वास, पटाशीची टकटक, आणि यांचं भांडण!

"पण तुमच्या रिकाम्या बोअरचे पैसे सरकारनं का द्यावेत?"

"द्या कोण म्हणतें? तेवढ्यावर कर घेऊं नका, इतकेंच."

"तिजोरीला दोन्ही सारखंच."

"शोधणाऱ्याला सारखें नाहीं. आणि तुम्ही कुणाच्या बाजूचे?"

"चिटणीस कुणाच्याच बाजूचा नसतो."

"मग पिशवी कां उचलतां?"

"ती..." जयतीर्थ अडखळला, "ती जड असते म्हणून."

चंद्रमती पुढे बघत चालत राहिली. आपल्याला हा माणूस आवडतो, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं, आणि तितकंच लख्ख हेही कळलं की साक्ष होईपर्यंत हे कुणालाही, अगदी त्यालाही, कळता कामा नये.

पण आत्यांनी तोवर सगळ्या गल्लीत सांगून टाकलं होतं. दिल्लीचा साहेब कल्याणासाठी आलाय, त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय! गल्लीतून बातमी मंडळात गेली, आणि सुनावणीच्या दिवशी सकाळी बाळकृष्णरावांनी चंद्रमतीला बाजूला घेतलं.

"तूं साक्षीला बसूं नको. मी वाचून दाखवतों."

"कां?"

"लोक म्हणतील, मुलगी देऊन सवलत घेतली."

चंद्रमतीच्या अंगाचा तिळपापड झाला. "मी बसलें नाहीं, तर तें खरेंच आहे असें म्हणतील," ती म्हणाली. "आणि मला कुणी देत नाहीं, घेत नाहीं. मी साक्ष देणार."

सुनावणी प्रवासी बंगल्यातल्या मोठ्या खोलीत होती. समितीचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश, कडक इस्त्रीचे. खुर्चीत बसताच त्यांनी चष्मा काढला आणि जयतीर्थकडे वळले.

"आपल्या आणि साक्षीदारबाईंच्या लग्नाची बोलणी चालल्याचं माझ्या कानावर आलं आहे. खरं आहे का?"

चंद्रमतीनं पदराचं टोक मुठीत आवळलं. 'नाही' म्हण, ती मनात म्हणत होती. शब्दाचा घोटाळा होता, एवढंच सांग आणि खाली बस.

"शब्दाचा घोटाळा होता, साहेब," जयतीर्थ उभा राहिला. "बोलणी झालेली नाहीत. यांना मी काही विचारलेलंही नाही. पण माझ्या मनात काहीच नाही असं सांगितलं, तर ते खोटं होईल. मला या कामातून मोकळं करावं."

त्यानं पेन टेबलावर ठेवलं आणि तो बाहेर निघून गेला. व्हरांड्याचं दार हळूच लागलं.

चंद्रमतीला आनंदानं रडू येणार होतं आणि रागानंही. काय हा माणूस! त्या टेबलापाशी रिकाम्या बोअरचं दुःख ज्याला कळलं होतं असा एकटा तोच, आणि तोच उठून गेला. आता समोर उरले ते अध्यक्ष आणि त्यांचा चष्मा. तिनं दोन्ही भावना गिळल्या आणि उभी राहिली.

"तुमचा अंदाज चुकतो," अध्यक्ष म्हणाले, "त्याचा भार तिजोरीनं का सोसायचा?"

"साहेब, काल आपण नातीसाठी वीणा पाहायला आमच्या गल्लीत आला होतात," ती म्हणाली. इंग्रजी बोलताना तिचा आवाज आधी कापला, मग स्थिर झाला. "कारागीर फणसाचा ओंडका कोरायला घेतो आणि कधीकधी आत भेग निघते. तो टाकून दुसरा आणावा लागतो. फुटलेला ओंडका त्याचा खर्चच नव्हे, असं तुम्ही ठरवलंत, तर तो नवी वीणा करायचं सोडून देईल. जुन्याच दुरुस्त करत बसेल. आम्ही तेच करतो आहोत. वडिलांच्या काळात सापडलेल्या खाणी खरवडतो आहोत. देशाला सिमेंट हवंय, खत हवंय, आणि नवीन जागा शोधायला कुणी धजत नाही."

"आणि उद्या एखाद्यानं बागेत विहीर खणली, आणि म्हणाला, मी खनिज शोधत होतो?"

मंडळी हसली. बाळकृष्णरावांनी मान खाली घातली. चंद्रमतीनं मात्र पिशवी उचलली आणि एकेक करून दगड टेबलावर मांडले.

"त्याच्याकडे हे मागा. ही बोअर रिकामी निघाली. हा वरचा थर, हा मधला, हा तळाचा. जागा आणि खोली प्रत्येकावर लिहिली आहे. आमच्या प्रत्येक रिकाम्या बोअरचे दगड मी जपून ठेवले आहेत. जो हे सरकारजमा करील त्यालाच सवलत द्या. खोटं शोधणाऱ्याकडे खरे दगड कुठून येणार? आणि तुम्हाला फुकटात कळेल, कुठे काय नाही ते. पुढच्यानं परत तिथेच खणायला नको."

अध्यक्षांनी एक दगड हातात घेतला, खिडकीकडे धरून वळवून पाहिला. चष्मा परत डोळ्यांवर चढला.

"ही अट निवेदनात नव्हती."

"नव्हती. सांगायची राहून गेली होती."

"मी तशी शिफारस करीन," अध्यक्ष सावकाश म्हणाले. "सरकार काय करील ते माझ्या हातात नाही."

बाळकृष्णराव जागेवरून अर्धे उठले. "सरकार काय करायचें तें करो," ते चंद्रमतीच्या कानाशी म्हणाले. "निकाल लागेपर्यंत तुझा विभाग मी बंद करत नाहीं."

तिनं मान हलवली आणि तडक व्हरांड्यात गेली. बाहेर बारीक पाऊस भुरभुरत होता. जयतीर्थ खांबाला टेकून उभा होता.

"तुम्ही उठलांत कां?" ती कडाडली. "आंत तुमची गरज होती मला!"

"मी बसून राहिलो असतो, तर तुमचं जिंकणं माझ्या नावावर गेलं असतं." त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "जिंकलात ना?"

"जिंकलें! आणि तुम्ही? सगळ्या समितीला सांगितलांत. मला विचारलांत कधीं?"

"आत्ता विचारतो." त्याचा आवाज एकदम खाली आला. "चंद्रमती... माझ्याशी लग्न करशील? दिल्लीला येशील?"

त्यातला 'तू' तिच्या काळजाला जाऊन भिडला. तरीही तिनं नकारार्थी मान हलवली.

"माझें काम इथें आहे. आज भांडून मिळवलें आहे तें. तें टाकून मी येणार नाहीं." तिनं पावसाकडे तोंड फिरवलं. "आणि तुम्हांला टाकून राहीन म्हटलें तर... तेंही जमणार नाहीं. मला तुम्ही फार आवडतां. काय करूं सांगा!"

जयतीर्थ खांबापासून पुढे झाला. मग घाईघाईनं म्हणाला, "मी मद्रासच्या कचेरीत बदली मागतो. मिळेलच असं नाही."

"नाहीं मिळाली तर?"

"परत मागेन."

"परत नाहीं मिळाली तर? किती वेळां मागाल?"

"लागेपर्यंत," तो म्हणाला.

माल लागेपर्यंत बोअर मारत राहायचं, हा खाणीवरचा शब्द तो कधी शिकला, कुणास ठाऊक. न्यायाधीशापुढे डोळ्यांतून एक टिपूस न काढणारी चंद्रमती तिथे पावसाच्या तुषारात ढसढसा रडली. दार उघडून बाळकृष्णरावांसकट सगळं मंडळ बाहेर आलं, तेव्हाही तिनं डोळे पुसले नाहीत. सगळ्यांच्या देखत तिनं हात पुढे केला आणि त्याचा हात घट्ट धरला.