हातांचा परवाना

“रेषांच्या उलट रंधा मारताय तुम्ही. दार सोलून निघेल.”

वाक्य पाठीमागून आले, आणि आले तेही अशा शांत अधिकाराने, की तरुण सुताराचा हात जागच्या जागी थबकला. पावसाच्या ओलीने फुगलेले ते दार त्याच्या आत्याबाईंच्या शिवणकामाच्या दुकानाचे होते, आणि सकाळपासून तो त्याच्याशी झटत होता. त्याने वळून पाहिले. शेजारच्या, कालपर्यंत रिकाम्या असलेल्या गाळ्याच्या उंबरठ्यावर एक तरुणी उभी होती. केसांवर पावसाचे सूक्ष्म तुषार, दृष्टी फळीवर खिळलेली, आणि दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट गुंतवलेले. वर्गात शिक्षा झालेली विद्यार्थिनी उभी राहावी, तशी.

“एवढं कळतं तर तुम्हीच मारा की,” रंधा पुढे करीत तो म्हणाला.

“मला मनाई आहे.”

“कुणाची? डॉक्टरांची?”

“सरकारची.”

तो मनमोकळा हसला. ती हसली नाही. परंतु ओठांचा एक कोपरा किंचित हलला, आणि तो हललेला त्याला दिसला — एवढे मात्र खरे.

ती सीमेपलीकडची होती. दोन्ही देशांची भाषा एक, ऋतू एक, आकाशही एकच. भेद काय तो कागदांचा. व्हायोलिन घडवण्याची आणि दुरुस्त करण्याची विद्या तिला पित्याकडून लाभली होती. ह्या गावात वाद्ये पुष्कळ, पण त्यांची शुश्रूषा करणारे कोणी नाही, हे ऐकून ती व्यवसायाच्या व्हिसावर येथे आली होती. त्या व्हिसाने तिला दुकान काढण्याची अनुमती होती. माणसे नेमण्याची होती. सामान विकत घेण्याची होती. स्वतःच्या हातांनी काम करण्याचा परवाना मात्र निराळा, आणि त्याचा अर्ज अद्याप कचेरीत विचाराधीन होता. तो येईपर्यंत स्वतःच्याच दुकानात साधा खिळा ठोकणे हादेखील नियमभंग ठरला असता. आपल्या हातांचा तिला भरवसा नव्हता. अवजार दिसले की ते आपोआप पुढे जात. म्हणून ती त्यांना पाठीमागे कोंडून ठेवी.

“मला हात हवेत,” ती त्याला म्हणाली. “दोन. शक्यतो एकाच माणसाचे.”

“माझे दारं-खिडक्यांचे आहेत. चालतील?”

“बघू. आधी ते दार नीट करून दाखवा.”

अशा रीतीने तो तिच्याकडे कामाला लागला.

कारागिरी डोळ्यांनी शिकावी आणि हातांनी मुरवावी, ही पूर्वापार परंपरा. येथे मात्र गुरूजवळ केवळ शब्द होते. ती उंच पाठीच्या खुर्चीमागे उभी राहून सांगे आणि तो करी.

“ही लाकडाची घोडी अशी करकचून धरू नका. तारांचं ओझं तिच्यावरच असतं; तिला उभं राहू द्या.”

“म्हणजे तुमच्यासारखं? काहीही न करता?”

“मी काहीही करत नाही असं वाटतं तुम्हाला?”

“छे, छे! मालकीणबाई दिवसभर राबतात. जिभेला क्षणाची उसंत नाही बिचारीच्या.”

“लक्ष कुठे आहे तुमचं? मी बोलतेय इथे आणि तुम्ही बघताय तिकडे, कपाटाकडे.”

“ऐकतोय ना...” तो म्हणे, आणि दृष्टी खाली वळवी.

त्याचे हे असे वारंवार होई. ती सांगत असताना तिच्या खांद्यापलीकडे कोठेतरी त्याचे डोळे लागलेले असत. तिला राग येई. तरीही आश्चर्य हे, की दाराचे सांधे सांधणारी ती रुंद बोटे हळूहळू नाजूक होत गेली. एके दिवशी त्याने जुळवलेल्या वाद्यावर तिने गज फिरवून पाहिला — वाजवून पाहणे हे काम नव्हे, अशी तिने कचेरीत जाऊन खात्री करून घेतली होती — आणि एक दीर्घ, गोड स्वर दुकानभर भरून राहिला. बाहेर पाऊस पडत होता. तिने गज खाली ठेवला, पण त्याच्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर काय घडले असते हे तिला ठाऊक होते.

आत्याबाईंनाही ते ठाऊक होते. कात्रीला धार लावून घ्यायच्या निमित्ताने त्या एकदा आत आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, “अगं पोरी, त्या कचेरीत चपला झिजवतेस कशाला? ह्याच्याशी लग्न कर. दोन साक्षीदार, चार सह्या, झाला परवाना! हा मेला काही नाही म्हणायचा नाही.”

“आत्या!” तो ओरडला.

“आत्या काय, आत्या? मला डोळे आहेत म्हटलं.”

त्या गेल्या. दुकानात सरसाचे भांडे मंद आचेवर उकळत राहिले. त्याने दोनदा ओठ उघडले, दोनदा मिटले.

“तुम्ही काही बोलणार आहात,” ती म्हणाली.

“हो.”

“बोलू नका. परवाना हातात येऊ दे माझ्या. त्याआधी बोललात, तर मी ‘हो’ तुम्हाला म्हटलं की कचेरीतल्या त्या खिडकीला, हे मला जन्मभर कळणार नाही. आणि तुम्हालाही.”

होकारार्थी मान हलवून तो कामाकडे वळला. त्या दिवशी दुकानात कोणी थट्टा केली नाही.

पुढच्याच आठवड्यात कचेरीकडून तपासनीस बाई आल्या. छत्री दाराशी ठेवून, चष्म्याची काच पुसून, त्यांनी शांतपणे स्थान ग्रहण केले. दुकान खरोखर चालते का, आणि मालकीण स्वतः काम करीत नाही ना, हे त्यांना पाहायचे होते. “तुमचं चालू द्या,” त्या म्हणाल्या. अशा वेळी नेमके काहीच नीट चालत नाही.

गावातल्या वृद्ध संगीतशिक्षकांचे व्हायोलिन मेजावर होते. त्याची दुभंगलेली छाती, म्हणजे वरची फळी, सरस लावून तरुणाने नुकतीच जुळवली होती. सांधा आवळून धरणारा एक शिकंजा बसला होता. दुसरा घेण्यासाठी त्याने घाबऱ्या घाईत, न पाहताच हात टाकला, आणि तळवा उघड्या पटाशीच्या पात्यावर पडला. रक्त भळभळले.

“हात दाखव! दाखव म्हणते ना!”

इतक्या दिवसांचे ‘तुम्ही’ त्या एका हाकेत गळून पडले. गळ्यातला रुमाल ओढून तिने त्याचा तळवा करकचून बांधला. आणि त्याच क्षणी तिला दिसले, की सांधा सरकतो आहे. सरस निवत होता. दुसरा शिकंजा आत्ता बसला नाही, तर फळी वाकडीच चिकटणार होती, आणि ते वाद्य पुन्हा पहिल्यासारखे बोलणार नव्हते. तिने तपासनीस बाईंकडे पाहिले. व्हायोलिनकडे पाहिले.

मग तिने शिकंजा उचलला, सांधा अंगठ्याने सरळ केला आणि आवळला. कित्येक महिने कोंडलेले ते हात एकदाही अडखळले नाहीत.

“हे काय केलंत?” तपासनीस बाईंनी विचारले.

आरडाओरडा ऐकून धावत आलेल्या आत्याबाई मध्ये पडल्या. “अहो, नुसता हात लागला हो पोरीचा!”

“नाही, आत्याबाई.” ती खाली मान घालून म्हणाली. “काम केलं मी. सरस थांबत नाही कुणासाठी.”

तपासनीस बाईंनी वही उघडली. नियमाच्या आसनावर बसलेल्या माणसालाही अंतःकरण असते. ते आसन मात्र त्याला सोडता येत नाही. “मी पाहिलं ते लिहीन,” त्या अखेर म्हणाल्या. “रक्तही लिहीन, आणि तुम्ही खोटं बोलला नाहीत हेही.”

त्यांनी शब्द पाळला. तिच्या पुन्हा येण्यावर बंदी आली नाही, दुकानही तिच्याच नावावर राहिले. परंतु हा अर्ज बंद झाला. तिने स्वदेशी परतावे आणि तेथून नव्याने अर्ज करावा, असा निर्णय आला.

सीमेवरची चौकी गावाबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी होती. पासपोर्टवर निर्गमनाचा शिक्का उमटला आणि ती कमरेएवढ्या लोखंडी कठड्यापलीकडे गेली. अलीकडे तो उभा होता, हाताला अजून पट्टी. पलीकडे तिची बस थांबली होती. पाऊस भुरभुरत होता... भिजवण्याइतका नव्हे, पाय रेंगाळावेत इतकाच.

“आता बोलू का?” त्याने विचारले.

“परवाना कुठे आलाय?”

“म्हणून तर! आता मी काहीही बोललो तरी तुझ्या पासपोर्टवर एक ठिपका वाढणार नाही. ह्याहून चांगला मुहूर्त मला मिळायचा नाही.”

तोही आज ‘तू’ म्हणाला होता. तिने ते ऐकले आणि ऐकल्याचे दाखवले नाही.

“नवा अर्ज मी कारागीर म्हणूनच करणार,” ती म्हणाली. “कुणाची कोण म्हणून नाही.”

“कर. तुझा रकाना तू भर. मला फक्त सांगू दे.” त्याने श्वास घेतला. “मी कपाटाकडे बघतो म्हणून रागवायचीस ना? तुझ्या मागे त्या कपाटाची काच होती. तू तोंडानं सांगायचीस, आणि पाठीमागे तुझी बोटं सुटून हवेतच सगळं करून दाखवायची. घोडी बसवायची, खुंटी पिळायची... तुला पत्ताही नसायचा. मी ते बघून शिकलो. आधी त्या बोटांवर जीव जडला माझा, मग...”

“मग?”

“मग बाकीच्या मालकीणबाईंवर.”

ती हसू दाबू पाहत होती. डोळ्यांतले पाणी मात्र तिला दाबता आले नाही.

“मला उत्तर द्यायचंय,” ती म्हणाली, “पण मालकिणीनं कामावरच्या माणसाला असलं उत्तर देणं बरं दिसत नाही. तेव्हा आधी तुला कामावरून काढते.”

“काढलंस?”

“काढलं.”

“आणि दुकान कोण बघणार?”

“तूच. पगार तेवढा मिळणार नाही.”

“हा अन्याय आहे हं!”

“आयुष्यभर चालणार आहे. विचार करून सांग.”

बसच्या चालकाने भोंगा वाजवला. थोड्या अंतरावर उभ्या असलेल्या आत्याबाई ओसाड टेकडीकडे अत्यंत लक्षपूर्वक पाहत होत्या.

त्याने पट्टी बांधलेला हात कठड्यावरून पुढे केला. आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आले, की ती अजूनही तशीच उभी आहे — पहिल्या दिवशी उंबरठ्यावर होती तशी, दोन्ही हात पाठीमागे घट्ट गुंतवून. जडलेली सवय देश ओलांडूनही तिच्याबरोबर गेली होती.

“अगं,” तो हळूच म्हणाला, “आता सोड की ते. इथे कोण अडवतंय तुला?”

तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिले. मग पाठीमागची बोटे एकेक करून सुटली, आणि भुरभुरत्या पावसातून तिचे दोन्ही हात पुढे आले.