मुंग्यांची पेटी

दिवा राहू दे, घालवू नका. तसं घडलं ते भर दुपारी, बदलापूरच्या आमच्या शाळेत, त्रेपन्न साली.

मी तिथे विज्ञान शिकवायचो. दर जानेवारीत एका खोलीत प्रदर्शन मांडायचो. इतरांच्या प्रदर्शनात 'हात लावू नये' अशी पाटी असते. मी 'हात लावा' अशी लावली होती आणि चार लोकांत तिचा टेंभा मिरवायचो. मुलांचा सगळा जीव मुंग्यांच्या पेटीत. आत सेल आणि तारेचं वेटोळं, बाहेर पितळेच्या दोन मुठी. मुलांनी हात धरून साखळी करायची, टोकाच्या दोघांनी एकेक मूठ धरायची. मी बटण दाबलं की सगळ्यांच्या हातांना एकदम मुंग्या यायच्या. मध्ये एकाने जरी हात सोडला, तर कुणालाच काही कळायचं नाही. मुलं खिदळायची आणि पुन्हा रांगेत यायची.

आदल्या वर्षी त्या साखळीत नवसी उभी राहिली होती. चामटोलीच्या वरच्या ठाकरवाडीतून आमच्या शाळेत येणारी ती एकटीच. तिच्या शेजारी मालिनी. मालिनीचे वडील अंबरनाथच्या कारखान्यात ऑफिसर आणि आमच्या शाळेच्या कमिटीवर, आई प्रदर्शन बघायला आलेल्या. त्या माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "सर, हिचा हात मालूच्या हातात नको."

मी नवसीला बाहेर काढलं. "पुढच्या वर्षी हं," म्हटलं.

"बरा गुर्जी," ती म्हणाली आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली.

त्या पावसाळ्यात ती तापाने गेली. मला लाज वाटली. पण नोकरीपुढे लाजेला विचारतो कोण?

त्रेपन्न साली तीच मुलं पुन्हा साखळी करून उभी राहिली. मी बटण दाबलं. पेटी घुमायला लागली. खोलीत ओल्या लाकडांचा, धुराचा वास आला. एकही मूल हसलं नाही. मग मला दिसलं, मालिनी आणि चंदर यांच्यामध्ये एका मुलाएवढी जागा मोकळी होती. दोघांचे हात अधांतरी, बोटं मिटलेली.

"साखळी तुटलीय... हात धरा."

"धरलाय सर," चंदर म्हणाला. "मुंग्या येतायत की सगळ्यांना."

"कुणाचा धरलायस?"

"नवसीचा... लई गार आहे."

दारात मालिनीच्या आई उभ्या होत्या. त्यांना काही दिसत नसावं, त्या माझ्याकडेच बघत होत्या. मी फक्त गप्प राहायला हवं होतं. पोरीला तिची पाळी मिळाली असती आणि ती गेली असती. पण जित्याची खोड...

"नवसी," मी म्हणालो, "पुढच्या वर्षी."

माझं बोट बटणावरच होतं, तरी पेटी थांबली. चंदरने हात झटकला. मालिनीचा हात तसाच पुढे राहिला. बऱ्याच वेळाने तो खाली आला.

पुढचं मला तिच्या आईंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, माझ्याकडे न बघता. संध्याकाळी मालिनीने शेगडीवरचं दुधाचं पातेलं उघड्या हाताने उचललं आणि नीट खाली ठेवलं. तळव्याची कातडी निघाली होती.

"मालू, हात भाजला ना गं..."

मालिनीने तळवा उलटसुलट करून पाहिला. "हा माझ्याकडे नाहीये, आई. सर पुढच्या वर्षी म्हणाले ना... तोवर तिने धरून ठेवलाय."

पुढच्या वर्षी शाळेने प्रदर्शनच भरवलं नाही.