मेसाकेच्या गळांची पेटी

कावाच्या पेयाची करवंटी फिरू दे, पण पिताना टाळी हळू वाजवा. पलीकडे लेकरं झोपलीत. ही गोष्ट एरोनीची. चार घरं सोडून राहतो तो, आणि मला त्याने स्वतःच सांगितली. तीही मान खाली घालून.

गेल्या मार्चमधला गुरुवार. रात्रीचे साडेआठ. आपल्या तावेउनी बेटावर आठवडाभर पाऊस खळला नव्हता. एरोनीचा मामा मेसाके समुद्रात बुडाला, त्याला नव्याण्णव रात्री झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी शंभराव्या रात्रीचं जेवण. सुतकात बंद ठेवलेला किनारा त्या दिवशी मासेमारीला उघडायचा आणि पहिला गळ भाच्याने टाकायचा, मामाच्याच पेटीतला. म्हणून लिती मामी म्हणाली, "एरोनी, मागच्या चुलीपाशी बस नि त्यांचे गळ घासून ठेव. उद्या गंजके गळ घेऊन उभा राहिलास तर गाव काय म्हणेल?"

एरोनीने पेटी घेतली, पण झाकणाला हात लावेना.

आपल्याकडे बहिणीच्या पोराने मामाची कुठलीही वस्तू न विचारता उचलावी आणि मामाने ब्रही काढू नये, हे तुम्हाला काय सांगायचं. तुम्ही तरी कुठे कमी हात मारता? डिसेंबरात एरोनीने पेटी अशीच उचलली, दोन दिवस मासे मारले आणि भर पावसात आणून जागेवर ठेवली. गोड्या पाण्याने धुणं नाही, चुलीवर सुकवणं नाही, खोबरेल तेलाचं बोट नाही. ओलीच मिटली. आठवड्याने मेसाके ती पेटी घेऊन बोटीने गेला. संध्याकाळी परतणाऱ्या बोटींना म्हणाला, "गळ तुटतायत रे. एखादा मोठा लागला की येतोच मागोमाग." रात्री वादळ झालं. बोट लागली किनाऱ्याला, पेटीही लागली. मामा दुसऱ्या दिवशी सापडला.

गंज समुद्राच्या पाण्याने चढला, असं सगळ्यांनी धरलं. एरोनीने धरू दिलं.

तर तो चुलीपाशी बसला. राख आणि चिंधी घेतली. एक गळ घासला. दुसरा घासला. तेवढ्यात चुलीच्या पलीकडूनही घासल्याचा आवाज यायला लागला.

त्याने हात थांबवला. तो आवाज थांबला नाही.

"मामी?"

...

जाळ खाली बसला होता. पलीकडे दोन पाय दिसले. मांडी घातलेले. पांढरे पडलेले, सुरकुतलेले. फार वेळ पाण्यात राहिल्यासारखे.

एरोनीने मान वर केली नाही. भीतीने नाही, पोरांनो. शरमेने. समोर मेलेला माणूस बसलाय, आणि याला त्याच्या तोंडाकडे बघायची लाज वाटतेय.

"मामा... मी ती..."

पलीकडून नुसतं घासणं. सावकाश. रागाने घासलं असतं तर बरं वाटलं असतं, असं एरोनी म्हणतो.

जाळ विझला.

घासणं चालूच...

पहाटे मामी आली तेव्हा तो तिथेच बसलेला. तिला पाहून त्याला रडू फुटलं. "मामी, पेटी मी ओली मिटली होती. गंज माझ्यामुळे लागला. मामा माझ्यामुळे मागे थांबला."

"ठाऊक आहे," मामी चुलीत लाकूड सारत म्हणाली. "जायच्या आदल्या रात्री यांनी पेटी उघडली. इथेच बसून जमतील तेवढे घासले. मला म्हणाले, बहिणीचं पोर आहे, हक्काने नेली. त्याला लाज वाटेल असं कुणापाशी बोलू नकोस."

शंभर दिवस ती बाई गप्प होती आणि हा रोज तिच्या हातचा उकडलेला दालोचा कंद खात होता. त्यापेक्षा तिने कानाखाली काढली असती तर सोसलं असतं त्याला.

"आज मी पहिला गळ टाकणार नाही," तो म्हणाला. "मला तोंड नाही."

मामी पेटीत बघत होती. एरोनीने दोनच गळ घासले होते. तिसराही लखलखत होता, आणि त्याला नवी तंगुसाची दोरी बांधलेली. गाठ डावीकडे वळवलेली. मेसाके डावखुरा होता. तशी गाठ गावात दुसरं कुणी बांधत नाही.

"टाकशील," मामी म्हणाली. "तुझ्यासाठी बांधून ठेवलाय."

एरोनीने गाठीला बोट लावलं. खोबरेल तेल अजून ओलं होतं.