डाव्या हाताची झीज

खुर्चीत नको, खाली बसा पोरांनो. सांगतो.

मी पॉलिशच्या कामाला होतो तिथे दोघे भाऊ जुन्या फर्निचरच्या हुबेहूब प्रती करायचे. सगळं हातानं. थोरल्याला आम्ही सगळेच दादा म्हणायचो. डाव्या हाताचं मधलं बोट करवतीनं नेलेलं, तरी त्याची खुर्ची मूळ खुर्चीशेजारी ठेवली की खुद्द मालक चक्रावायचा.

दादाचा एकच नियम. किड्याचं भोकसुद्धा उतरवायचं, पण माणसाचा हात टेकून टेकून लाकडाला पडलेली झीज उतरवायची नाही.

"ती बसणाऱ्यानं पाडायची. आपणच जागा करून ठेवली, तर कुणीतरी येऊन बसणारच."

"दादा, तू सुतार आहेस की मांत्रिक?" धाकटा हसायचा.

"तू आधी त्या स्टुलाचा पाय सरळ कर. लंगडतंय तुझ्यासारखं."

असा दादा गेला. छातीत कळ आली, रंध्याखालची फळी तशीच राहिली. नऊ दिवस धाकटा कुणाशी बोलला नाही.

दहावा दिवस मंगळवार होता, एकोणीस नोव्हेंबर. दादाच्या हातची शेवटची खुर्ची दुसऱ्या दिवशी पोचवायची होती. मूळ खुर्ची एका म्हाताऱ्या न्यायाधीशाची. पन्नास वर्षं तो तिच्यात बसला आणि बसल्या जागीच गेला. सुनेला तिची जोड हवी होती.

"तू घरी जा, मी घासतो," मी म्हटलं.

"नको काका. दादाची आहे. मीच करतो."

पुढचं त्यानं मला सांगितलं. एकदाच.

रात्री साडेआठला खुर्चीचा डावा हात घासताना त्याला भरून आलं. त्यानं कानस उचलली. डोळे मिटून दादाचा पंजा आठवला. अंगठा इथे, पहिलं बोट इथे, मग मोकळी जागा, मग दोन बोटं. तेवढीच झीज पाडली. मोकळ्या जागेचा उंचवटा तसाच राखला.

"ये ना रे दादा," तो म्हणाला. "जागा केलीय तुझी."

खुर्ची करकरली. नव्या सांध्यांवर पहिल्यांदा वजन आलं की करकरते, तशी.

धाकटा तिच्या पायाशी बसला. रडला, हसला. नऊ दिवसांचं सगळं बोलला. आई जेवत नाही म्हणाला. तुझी कानस मी कुणाला देणार नाही म्हणाला.



मग त्याच्या मनात आलं... दादा इतका वेळ गप्प बसतो कधी?

"दादा, लहानपणी मला काय हाक मारायचास रे?"



"दादा...?"

वर, डाव्या हातावर, काहीतरी घासू लागलं. हळू. खर्र... खर्र...

तो पळाला. कुलूप मात्र लावलं, कसं ते त्यालाही आठवत नाही.

सकाळी सातला आम्ही दोघांनी दार उघडलं. खुर्ची जागेवरच होती. मी चष्मा पुसून तिचा डावा हात पाहिला.

त्यानं राखलेला उंचवटा नव्हता. तिथे मधल्या बोटाची झीज होती. गुळगुळीत. कानशीची नव्हे...

पन्नास वर्षं बोट टेकून पडते, तशी.